विमान टेक्निकल कारणाने लेट: घाई कुणाची आणि सही कुणाची?

सागरगोटा

गणपतीच्या तोंडावर गोव्यातल्या मोपा विमानतळावर येणारं मुंबईचं एक विमान टेक्निकल कारणाने लेट झालं आणि तेव्हापासून आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच विषय चाललाय. कंपनीवर राग काढा, माझी हरकत नाही, पण गेटवर लोकांनी "त्या इंजिनिअरला बाहेर बोलवा, जाब विचारतो" म्हणून गोंधळ घातला असं एकाने लिहिलं आणि त्याला खाली धडाधड अंगठे पडले, ते बघून राहवलं नाही. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही, म्हणून इथे लिहितोय. जरा लांबेल.

मी एएमई, म्हणजे एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर. नोकरीतली बहुतेक वर्षं मुंबईत लाइन मेंटेनन्सला गेली, आता निवृत्त होऊन वेंगुर्ल्याजवळ गावी असतो. लाइन म्हणजे हँगरमधलं मोठं काम नव्हे, विमान दोन फेऱ्यांच्या मध्ये रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर, उभं असतं तेव्हा जे होतं ते. स्वस्त तिकिटांच्या कंपन्या ए३२० सारखं विमान पंचवीस-तीस मिनिटांत परत हवेत पाठवायचा प्लॅन करतात. तेवढ्यात लोक उतरणार, सफाई, सामान, इंधन, नवे लोक चढणार, आणि त्याच वेळात इंजिनिअर विमानाला फेरी मारून टायर, ब्रेक, इंजिनाचं तोंड, कुठे गळती आहे का, एखादी गाडी घासून गेलीय का ते बघणार, टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, पायलटने काही स्नॅग, म्हणजे बिघाड, लिहिलाय का ते वाचणार. स्नॅग नसला तर वेळ पुरतो. असला तर लागणारा वेळ कुठून काढायचा याला वेळापत्रकात रकाना नाही.

आता दबावाचं. लोकांना वाटतं वरून कुणीतरी साहेब सांगतो "बघू नको, विमान ठीक आहे म्हणून सही कर". मला आख्ख्या नोकरीत असं कुणी सांगितलं नाही. सांगायची गरजच पडत नाही हो. कंट्रोलमधून, म्हणजे कंपनी जिथून सगळ्या फेऱ्यांवर नजर ठेवते तिथून, फोन येतो, किती वेळ? थोड्या वेळाने परत, किती वेळ? मग ड्युटी मॅनेजर, मग स्टेशनवाले, मग केबिनमधून निरोप की प्रवासी तापलेत. प्रत्येक जण नीटच बोलतो आणि प्रत्येकाचं विचारणं रास्तही असतं, त्याला पुढची तजवीज करायची असते, पण पॅनल उघडून आत कोपरापर्यंत हात घातलेल्या माणसाला प्रत्येक फोनला तो हात बाहेर काढावा लागतो आणि परत आत घालताना आपण कुठपर्यंत आलो होतो ते आठवावं लागतं. चुका तिथे होतात. काम संपलं की वर डिले कोड, म्हणजे उशिराच्या कारणाचा आकडा, लागतो. हे कोड जगभर सारखे आहेत, ४१ म्हणजे विमानातला बिघाड, चाळिशीतले सगळे टेक्निकलच्या खात्यावर. महिन्याच्या मीटिंगला कुणामुळे किती मिनिटं गेली ते पडद्यावर येतं. वेळेत सापडलेल्या बिघाडामुळे काय टळलं ते कधीच येत नाही, कारण ते घडलेलंच नसतं.

एक उदाहरण देतो. ३१ जानेवारी २००० ला अलास्का एअरलाइन्सचं २६१ नंबरचं एमडी-८३ विमान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं, ८८ माणसं गेली. शेपटीचा आडवा पंख खालीवर करायला एक लांब स्क्रू असतो, जॅकस्क्रू म्हणतात, आणि त्यावर नट. नटाच्या आतले आटे झिजून साफ निघाले होते, कारण ग्रीस नव्हतं. ग्रीस का नव्हतं? ते भरायची मुदत वर्षावर्षाला वाढत गेली होती. १९८५ ला दर ७०० उड्डाणतासांना भरायचं ते १९९६ पर्यंत दर ८ महिन्यांवर गेलं, म्हणजे जवळपास २,५५० तास. प्रत्येक वाढ कागदावर मंजूर झालेली. ज्या मेकॅनिकने शेवटचं ग्रीस भरलं त्याने साक्षीत साधारण तासाभराचं काम असं सांगितलं, तेच काम नीट करायला बनवणाऱ्या कंपनीच्या हिशोबाने त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

मला सगळ्यात जास्त छळतं ते मात्र १९९७ चं. मोठ्या तपासणीत त्याच नटाची झीज मोजली तर ०.०४० इंच आली, बरोबर मर्यादेवर. नट बदला अशी नोंद झाली. पुढच्या पाळीने परत मोजलं, ०.०३३ आलं, विमान सोडलं. पुढचं मोजमाप यायच्या आत विमान पडलं. दोघांपैकी कुणाचं माप खरं होतं हे नंतर ठामपणे सांगता आलं नाही. माझं म्हणणं एवढंच की दोन मापं वेगळी आली तर कुठलं धरायचं हे घड्याळाकडे बघून ठरता कामा नये.

तुमच्यापैकी कुणी या कामात असेल, विमान असो, रेल्वे असो, बोट असो, तर लिहा. प्रवासी म्हणून राग असेल तर तोही लिहा.

रात्रपाळी

काका, मी सध्या याच कामात आहे. कंपनी, स्टेशन काही लिहिणार नाही. तुमचं फोनचं वाचून अंगावर काटा आला, काल रात्री हेच चालू होतं.

लोकांना कळावं म्हणून सांगतो, आमची तपासणी म्हणजे नेमकं काय. समजा चाकाच्या खोबणीत हायड्रॉलिकचं तेल ओघळलेलं दिसलं. मॅन्युअलमध्ये असं नसतं की गळती म्हणजे विमान थांबवा. प्रत्येक जागेला मर्यादा दिलेली असते, मिनिटाला इतके थेंब चालतील, इतके नाही. म्हणजे आधी ती जागा पुसून कोरडी करायची, सिस्टिमला प्रेशर द्यायचं, आणि टॉर्च धरून खाली उभं राहून घड्याळ लावून थेंब मोजायचे. थेंब पाईपच्या जोडावर जमतो, फुगतो, थरथरतो आणि पडत नाही. तुम्ही बघत राहता. एक मिनिट खूप मोठं असतं आणि एका मिनिटावर भागत नाही, खात्री करायला परत मोजावं लागतं. वर खिडकीतून शेदोनशे लोकांना काय दिसतं, तर एक माणूस चाकाशी नुसता उभा आहे. त्याचा व्हिडिओ काढून "हे बघा काम" म्हणून टाकतात.

आणि हे बहुतेक पहाटे दोन ते सहाच्या मध्ये, कारण विमानं दिवसभर उडतात आणि रात्रीच हाताला लागतात. शरीर सगळ्यात मंद असतं ती हीच वेळ. पायलटांच्या ड्युटीच्या तासांवर टीव्हीवर चर्चा होते आणि ती व्हायलाच पाहिजे, पण आमच्या रात्रीबद्दल कुणी बोलताना मी तरी ऐकलं नाही.

आमच्याकडे भिंतीवर डर्टी डझनचं पोस्टर आहे, माणूस चुकतो त्याची बारा कारणं. १९९३ च्या सुमाराला कॅनडाच्या गॉर्डन ड्यूपॉन्ट यांनी ती यादी केली. थकवा, दबाव, निरोप नीट न पोचणं, ठामपणे न बोलणं वगैरे. चांगली यादी आहे, मी ती मनापासून मानतो. पण पोस्टर लावणाऱ्याने रात्री माणसंही तेवढी लावायला पाहिजेत. दोघांचं काम एकाला दिलं की बारापैकी निम्मी कारणं तिथेच तयार झाली.

चाकरमानी_दादर

मी त्या लेट विमानात नव्हतो पण तशा बऱ्याच विमानांत बसलोय म्हणून दुसरी बाजू लिहितो, राग मानू नका. गणपतीला माणूस वर्षातून एकदा गावी येतो, रेल्वेचं तिकीट बुकिंग उघडल्या उघडल्या संपतं, हायवेची अवस्था सगळ्यांना ठाऊक, म्हणून दुप्पट तिप्पट पैसे टाकून विमान करतो आणि तिथे बसवून ठेवतात. बसवा, पण सांगा ना काय झालंय. "टेक्निकल" हा एकच शब्द. कधी क्रू आलेला नसतो तरी टेक्निकल, आधीचं विमान लेट असलं तरी टेक्निकल, असं मला एका ग्राउंड स्टाफच्या मुलानेच खाजगीत सांगितलंय. मग खरोखर बिघाड असतो तेव्हा लोकांचा विश्वास बसत नाही आणि राग निघतो तो समोर दिसेल त्याच्यावर. इंजिनिअरला शिव्या घालणं चूकच आहे, पण त्याची सुरुवात कुठून होते तेही बघा. माझी आई ७८ वर्षांची, तिला घेऊन चार तास खुर्चीत बसायचं आणि काय चाललंय ते कळत नाही, तेव्हा डोकं शांत राहत नाही हो.

सागरगोटा

@चाकरमानी_दादर, राग कसला, तुमचं बरोबर आहे. खरं कारण सांगितलं तर ऐंशी टक्के लोक शांत बसतात हा माझाही अनुभव. आमच्या वेळचे एक कमांडर, म्हणजे मुख्य पायलट, स्वतः दारात उभे राहून माइकवर सांगायचे की अमुक व्हॉल्व्ह नीट बंद होत नाहीये, इंजिनिअर बघतायत, मला पटल्याशिवाय मी निघणार नाही. त्यांच्या विमानात आरडाओरडा झालेला मला आठवत नाही.

ग्रुपवर एकाने विचारलं होतं की "छोटासा बिघाड असेल तर तसंच न्यायला काय होतं", त्याचंही इथेच लिहितो. नेतात ना. नियमात बसवून नेतात. प्रत्येक विमानाला एमईएल म्हणून यादी असते, मिनिमम इक्विपमेंट लिस्ट. कुठली वस्तू बंद असताना विमान उडू शकतं, कुठल्या अटींवर, आणि किती दिवसांत दुरुस्त झालीच पाहिजे, सगळं त्यात लिहिलेलं. बी वर्गाला ३ दिवस, सी ला १०, डी ला १२०, बिघाड सापडला तो दिवस सोडून. यादीत जी वस्तू नाही आणि जी उड्डाणाला लागतेच, ती बंद असेल तर विमान जागचं हलत नाही. विचार करून बनवलेली चांगली पद्धत आहे ही, मी तिच्या विरोधात नाही.

त्रास कुठे होतो, तर वेळापत्रक घट्ट असलं की डेफर करणं, म्हणजे दुरुस्ती पुढे ढकलणं, हा पहिला विचार होतो. आज पुढे ढकलला, विमान रात्री दुसऱ्याच गावी मुक्कामाला, तिथे तो सुटा भाग नाही, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुदत संपतेय म्हणून धावपळ. नियम एकही मोडलेला नाही आणि तरी शेवटच्या दोन तासांत ज्याच्या हातात ते विमान पडलं त्याच्यावर तीन दिवसांचा दबाव एकदम येतो. आपल्या किनाऱ्यावरच्या छोट्या विमानतळांवर तर हँगर नाही, स्टोअर नाही, पार्ट मुंबईहून येणार, तोपर्यंत इंजिनिअर एकटा आणि प्रश्न विचारणारे सगळे.

कंट्रोलरूम

मी वर उल्लेख झालेल्या "किती वेळ?" विचारणाऱ्यांपैकी एक. ऑपरेशन्स कंट्रोलला काम केलंय, आता दुसऱ्या क्षेत्रात आहे. मूळचा गुहागरचा.

आम्ही का विचारतो ते सांगतो. एकच विमान दिवसाला सहा फेऱ्या करतं. सकाळच्या फेरीला चाळीस मिनिटं गेली की ती भरून काढायला दिवसात कुठेही जागा नसते, पुढच्या पाचही फेऱ्या लेट, संध्याकाळी कुठल्यातरी क्रूचे ड्युटीचे तास संपतात, मग ते विमान धडधाकट असून उभं. मुंबईत स्लॉट, म्हणजे उड्डाणाला ठरवून दिलेली वेळ, गेला की दुसरा मिळेपर्यंत वाट बघा. म्हणून सकाळच्या इंजिनिअरला आम्ही पाचपाचदा विचारतो. त्याच्या हातात काय चाललंय ते स्क्रीनवर दिसत नाही, आमच्या स्क्रीनवर फक्त एक पट्टी असते जी हिरवी असते किंवा लाल होते.

माझं प्रामाणिक मत, खरा इलाज राखीव विमानाचा आहे. एखादं विमान रिकामं उभं असेल तर कंट्रोलर स्वतःच सांगतो, तुमचं निवांत होऊ दे, मी दुसरं लावतो. त्या दिवशी इंजिनिअरला एकही फोन जात नाही, मी हे स्वतः केलेलं आहे. पण उभं विमान म्हणजे पैसा उभा, त्यामुळे सीझनला पहिला घास त्याच राखीवचा जातो, आणि सीझन म्हणजे नेमकी ती वेळ जेव्हा त्याची सगळ्यात जास्त गरज असते. गणपतीला जादा फेऱ्या हव्यात असं सगळेच म्हणतात, मीही म्हणतो, पण त्या फेऱ्यांमागे एक विमान मोकळं ठेवलंय का असं विचारणारं निवेदन मी अजून पाहिलं नाही.

खडीवाला

सागरगोटासाहेब, तुम्ही रेल्वेवाल्यांना हाक मारलीत म्हणून लिहितो. मी कोकण रेल्वेत रुळांच्या खात्यात होतो, सावर्डे ते राजापूर या पट्ट्यात बरीच सेवा झाली.

आमच्याकडे दोन अपघात झाले ते इथल्या लोकांना आठवत असतील. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ हॉलिडे स्पेशल दरडीवर आदळली, पन्नासच्या वर माणसं गेली. पुढच्याच वर्षी १६ जूनला करंजाडीजवळ मत्स्यगंधा. दोन्ही पावसाच्या सुरुवातीला, दोन्हीत रुळावर आलेला दगडमातीचा ढीग. त्यानंतर पावसाळ्यातला वेग आणि पहारा दोन्ही कडक झाले.

तुमच्या विषयाशी संबंध असा की आमचं पावसाळी टाइमटेबल वेगळं असतं. बरीच वर्षं १० जून ते ३१ ऑक्टोबर असा त्याचा काळ होता. त्या दिवसांत गाड्या मुळातच हळू चालणार हे धरून वेळा छापलेल्या असतात, कोकणकन्येचं तिकीट काढणाऱ्याला ते आधीच कळतं, धो धो पाऊस असेल आणि पुढचं दिसत नसेल तर ताशी ४० ने चालवा असा ड्रायव्हरला आदेश असतो. आता ड्रायव्हरने ४० ने चालवली तर कुणी त्याला फोन करून किती वेळ विचारत नाही, कारण बराचसा वेळ टाइमटेबलनेच दिलेला आहे. उन्हाळ्याचं टाइमटेबल ठेवून "पावसात जपून चालवा" एवढंच सांगितलं असतं तर? माणूस दोन दिवस जपून चालवतो, तिसऱ्या दिवशी लेट का झाली याचा खुलासा द्यावा लागला की चौथ्या दिवशी आपसूक वेग वाढतो.

दुसरं, पेट्रोलमन. रात्री कंदील आणि टॉर्च घेऊन कटिंगमधून बीट चालणारा माणूस, पगाराने सगळ्यात खालचा. पण दगड दिसला तर तो लाल दिवा दाखवून, रुळावर फटाके लावून गाडी थांबवतो. त्याला आधी कुणाला विचारायचं नसतं. सकाळी साहेब येऊन म्हणाला की दगड लहान होता, गाडी गेली असती, तरी त्याला बोलायचं नाही, हा अलिखित नियम आमचे जुने पीडब्ल्यूआय, म्हणजे रुळांची देखभाल बघणारे इन्स्पेक्टर, कसोशीने पाळायचे. एकदा बोललात की पुढच्या वेळी तो दगडाजवळ उभा राहून विचार करत बसेल.

कंट्रोलरूम

@खडीवाला, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. मुंबईला पावसाळ्यात रोज व्यत्यय येणार हे काय नव्याने कळतं का, तरी वेळापत्रकात त्याची जागा नसते.

तिरफळ

मी मालवणला राहते, विमानातलं काही कळत नाही, पण एक प्रश्न आहे. आमच्याकडे खाऱ्या हवेने गेटचे कडी-कोयंडे दोन वर्षांत खाऊन जातात, स्कूटरचा सायलेन्सर टिकत नाही. मग सिंधुदुर्गातलं चिपी काय, गोव्यातलं मोपा काय, दाभोळी काय, सगळे विमानतळ किनारपट्टीतले, तिथे येणाऱ्या विमानांना हे होत नाही का? आणि होत असेल तर ते बाहेरून दिसतं का?

सागरगोटा

@तिरफळ, ताई, फार चांगला प्रश्न. होतं. आणि बऱ्याचदा बाहेरून दिसत नाही, तेच अवघड आहे.

२८ एप्रिल १९८८, हवाई बेटं, अलोहा एअरलाइन्सचं २४३ नंबरचं विमान, बोइंग ७३७. हिलोहून होनोलुलूला जाताना हवेत पुढच्या भागाचं छप्परच उडून गेलं. एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली ती सापडली नाही, बाकी सगळे वाचले, पायलटांनी तशा स्थितीत माउई बेटावर उतरवलं. ते विमान १९६९ चं, बेटाबेटांतल्या छोट्या फेऱ्या करणारं, त्यामुळे तास फार नव्हते पण फेऱ्या ८९,६८० झालेल्या. प्रत्येक फेरीला केबिनमध्ये हवेचा दाब भरतो आणि उतरतो, म्हणजे पत्रा तेवढ्या वेळा ताणला गेला. पत्रे जिथे एकावर एक चढवून रिवेट मारतात तो सांधा आतून चिकटवलेला असतो, खाऱ्या दमट हवेने ती चिकटण सुटली, आत गंज धरला, सगळा ताण रिवेटांवर आला आणि भोकांच्या कडेने बारीक बारीक चिरा पडत गेल्या. चौकशीत बोट ठेवलं गेलं ते तपासणीवर. कंपनीकडे तपासणी व्हायची, सह्या होत्या, पण विमानं दिवसा उडणार म्हणून काम रात्री, मचाणावर चढून, दिव्याच्या उजेडात, रिवेटांच्या रांगा एकामागून एक बघायच्या, केसाएवढी चीर शोधायची. इतकं एकसुरी काम तासन्‌तास केल्यावर डोळे उघडे असून दिसेनासं होतं. त्या दिवशी चढताना एका बाईला दाराजवळ पत्र्यावर चीर दिसली होती, तिने कुणाला सांगितलं नाही.

म्हणून किनाऱ्यावर विमान गोड्या पाण्याने धुणं, सांध्यांत गंजरोधक फवारणं, टॉयलेट आणि किचनखालचे तक्ते उचलून बघणं ही कामं वेळच्या वेळी लागतात. सगळ्यात आधी पुढे ढकलली जातात ती पण हीच. धुतलं नाही म्हणून उद्याची फेरी अडत नाही ना.

महाडवाली

हे वाचताना सावित्रीचा पूल डोळ्यांसमोर आला. २ ऑगस्ट २०१६, रात्री इंग्रजांच्या काळातला पूल पुरात गेला, दोन एसट्या आणि गाड्या वाहून गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्या पुलाची पाहणी होऊन तो वाहतुकीला ठीक ठरलेला होता. आमच्या गल्लीतल्या माणसाचे नातेवाईक त्यात होते. तेव्हापासून "तपासणी झाली आहे" असं कुणी म्हटलं की मी विचारते, कुणी केली, काय बघितलं, पाण्याखालचं बघितलं का. तुमच्याकडे दोन माणसं तपासतात असं ऐकलंय, ते खरं आहे का?

सागरगोटा

@महाडवाली, खरं आहे, पण सगळ्या कामांना नाही. विमानाच्या दिशा-चढउताराच्या नियंत्रणाचं काही उघडलं, इंजिनाच्या नियंत्रणाला हात लावला, की एकाने केलेलं दुसऱ्या अधिकृत माणसाने स्वतंत्र बघायचं. ज्याने काम केलं त्याने दाखवायचं आणि दुसऱ्याने मान हलवायची असं नव्हे, दुसऱ्याने स्वतः हात लावून बघायचं.

कुठलं काम या यादीत बसतं यावर मात्र फार अवलंबून आहे. १० जून १९९० ला ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानाची समोरची काच हवेत निघाली, कॅप्टन अर्धे बाहेर ओढले गेले, कर्मचाऱ्यांनी पाय धरून ठेवले म्हणून वाचले. त्या उड्डाणाआधी रात्रपाळीत काच बदलली होती, ९० पैकी ८४ बोल्ट किंचित बारीक व्यासाचे लागले होते. माणसं कमी होती म्हणून पाळीच्या मॅनेजरनेच ते काम केलं, जुना बोल्ट हातात धरून स्टोअरमधला डोळ्यांनी जुळवला. काच बदलणं हे दुसऱ्या तपासणीच्या यादीत नव्हतं, त्यामुळे त्याचं काम बघायला कुणीच नव्हतं.

आणि दोन माणसं असूनही निसटतं ते पाळी बदलताना. ११ सप्टेंबर १९९१, टेक्सास, कॉन्टिनेंटल एक्सप्रेसचं छोटं विमान, १४ जणांपैकी कुणी वाचलं नाही. शेपटीच्या आडव्या पंखाच्या पुढच्या कडेचे वरचे ४७ स्क्रू रात्री एका पाळीने काढले होते, दुसऱ्या पाळीला ते कळलंच नाही. खालचे स्क्रू जागेवर होते, कड जिथल्या तिथे बसलेली, जमिनीवरून कुणाला काही दिसायचं कारण नव्हतं. सकाळची पहिली फेरी नीट झाली, परतीच्या फेरीला कड निघाली. त्या सगळ्यात लागलं असतं काय, तर निघणाऱ्याने कागदावर एक ओळ: वरचे स्क्रू काढलेत, लावलेले नाहीत.

रात्रपाळी

यावरून सांगतो, आमच्याकडे एक सिनिअर आहेत ते पाळी संपायच्या अर्धा तास आधी हातातलं थांबवून हँडओव्हर लिहायला बसतात, मग विमानाजवळ पुढच्या माणसाला नेऊन बोटाने दाखवतात. त्या अर्ध्या तासावरून त्यांना बोलणी बसतात की काम अपुरं ठेवून लिहीत बसता. ते ऐकून घेतात आणि लिहीत राहतात. मी पण आता तसंच करतो.

चाकरमानी_दादर

अहमदाबादच्या अपघाताबद्दल कुणी काही लिहिणार का? सगळ्यांच्या मनात तेच आहे.

सागरगोटा

१२ जून २०२५ नंतर मलाही खूप फोन आले. पण तो विषय या धाग्यात नको असं मला मनापासून वाटतं. त्याची सरकारी चौकशी आहे, गेलेल्यांच्या घरचे लोक वाचत असतात, आणि मेंटेनन्सशी जोडून अंदाज बांधणं कुणावर तरी अन्याय होईल. वर मी जी उदाहरणं दिली ती सगळी चौकशी पूर्ण होऊन अहवाल आलेली आहेत, म्हणूनच दिली.

आबोली

सागरगोटाकाका, माजो झील एएमईचो कोर्स करता, दुसऱ्या वर्साक आसा. ह्या सगळा वाचून जीव घाबरलो. आमी शेतीवाडीची माणसा, आमका ह्यातला काय कळणा नाय. उद्या नोकरीत तेच्यावर असो दाब इलो तर तेना काय करूचा? नोकरी सांभाळूची की सही अडवून धरूची?

सागरगोटा

आबोलीताई, घाबरू नका, मुलाने चांगलं काम निवडलंय.

त्याला सांगा की लायसन्स डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं, देतं आणि ते त्याच्या स्वतःच्या नावावर असतं. कंपनी त्यावर आपलं ऑथोरायझेशन देते, दोन्ही असल्याशिवाय विमान सोडायची सही करता येत नाही. कंपनी बदलली तर ऑथोरायझेशन नवं घ्यावं लागतं, लायसन्स त्याच्याबरोबरच राहतं. म्हणून सही करताना आपण कंपनीचे नोकर म्हणून करत नाही हे पहिल्या दिवसापासून डोक्यात पाहिजे. जे स्वतः बघितलं तेवढ्यावरच सही करायची.

दाब आला तर भांडायचं नाही. टास्क कार्ड, म्हणजे कामाच्या पायऱ्यांचा कागद, समोर धरायचं आणि म्हणायचं, ही पायरी राहिलीय, ती झाली की सोडतो. कुणी फारच आग्रह धरला तर शांतपणे म्हणायचं, साहेब, ही पायरी सोडून द्या असं मला लेखी द्या. मी हे वाक्य वापरलंय आणि लेखी द्यायला पुढे आलेला माणूस मला भेटला नाही. वेळ विचारला तर मनातला सगळ्यात कमी आकडा सांगायचा नाही, तरुण पोरं तिथे अडकतात. वीस मिनिटं म्हणून बसतात आणि मग स्वतःच दिलेल्या वीस मिनिटांच्या मागे धावतात. "उघडून बघितल्यावर सांगतो" हे पूर्ण उत्तर आहे.

आणि हो, त्याच्या परीक्षेत मॉड्यूल ९ ह्यूमन फॅक्टर्सचं, म्हणजे माणूस का चुकतो त्याचं, असतं. पास व्हायला ७५ टक्के लागतात. पोरं ते सोपं समजून शेवटच्या आठवड्यावर ठेवतात, त्याला म्हणावं आत्ताच नीट वाच. माझ्याकडे जुन्या अपघातांच्या अहवालांच्या मराठीत काढलेल्या टिपणांच्या वह्या आहेत, हव्या असतील तर देतो.

आबोली

व्हय, हव्यो आसत. दिवाळेक गावाक येतलो, तेवा तेका तुमच्याकडे धाडतंय. हँडओव्हर कसो लिवतत ता पण तेका दाखवा.

रात्रपाळी

काका, त्या वह्यांचे फोटो काढून इथे टाकता येतील का? आमच्या पाळीत चार जणांना तरी हव्या आहेत.